थॉमस मिजली: सगळ्यांसमोर पास झालेली दोन रसायनं

पेट्रोल पंपावर पूर्वी ‘अनलेडेड’ अशी पाटी असायची, ती तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. अनलेडेड म्हणजे शिसं नसलेलं. पण मुळात पेट्रोलमध्ये शिसं घातलं कोणी आणि का? त्यामागे थॉमस मिजली हे अमेरिकन इंजिनिअर होते. फ्रिजमधला फ्रिऑन वायूसुद्धा त्यांचाच.

मिजली यांचा जन्म १८८९ चा. कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी १९११ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली त्यांना एक प्रॉब्लेम मिळाला: इंजिनचं नॉकिंग.

नॉकिंग म्हणजे काय?

स्पार्क प्लगची ज्योत पोहोचायच्या आधीच सिलिंडरमधल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटतो. मग इंजिन खटखट वाजतं, ताकद वाया जाते आणि भागही खराब होतात. बरीच रसायनं चाचपडल्यावर डिसेंबर १९२१ मध्ये मिजलींना उत्तर सापडलं, टेट्राइथाइल लेड. शिशाच्या एका अणूला इथाइलचे चार गट जोडलेलं हे द्रव रसायन. गॅलनभर पेट्रोलला काही मिलीलिटर पुरायचं आणि खटखट बंद!

अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होतं, हे त्यांना माहीत होतं. पण अल्कोहोलवर पेटंट मिळण्यासारखं नव्हतं, शिवाय ते बरंच जास्त घालावं लागायचं. १९२३ पासून शिशाचं पेट्रोल ‘इथाइल’ नावाने विकायला आलं. नावात शिशाचा उल्लेखच नाही!

शिसं विषारी आहे हे तेव्हाही जुनंच ज्ञान होतं. खुद्द मिजलींना १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या त्रासामुळे सुट्टी घेऊन फ्लोरिडात जावं लागलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले. पाच जण दगावले, कित्येक जण हॉस्पिटलमध्ये गेले. त्याच महिन्यात मिजलींनी पत्रकारांसमोर ते रसायन हातांवर ओतलं आणि मिनिटभर त्याचा वास घेतला. बघा, काही होत नाही!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा डेमो मला फार ओळखीचा वाटतो. दोन मिनिटं चालणारा डेमो आणि वर्षभर चालणारी सिस्टिम यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिसं शरीरात साठत जातं, हाडांत मुक्काम करतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, तोही अगदी कमी प्रमाणात. हे मिनिटभराच्या वासात कसं दिसणार?

दुसरा शोध: फ्रिऑन

त्या काळी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचं. गळती झाली तर जिवावर बेतायचं. १९२८ मध्ये मिजली आणि सहकाऱ्यांनी क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बनचा एक वायू निवडला, जो विषारीही नाही आणि पेटतही नाही. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी तो छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली.

हा डेमो खरा होता. खोलीत हा वायू खरंच सुरक्षित होता. पण तो कशाशीच सहज अभिक्रिया करत नाही, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो आणि वर वर जात राहतो. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याचा क्लोरीन सुटतो आणि एकेक क्लोरीन अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ मध्ये दाखवलं.

दोन्ही शोध एकाच तागडीत तोलले जातात, ते मला पटत नाही. फ्रिऑनचा धोका तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. शिशाचा धोका माहीत होता, माणसं मेली होती, तरी प्रॉडक्ट बाजारात राहिलं.

मिजलींना १९४० मध्ये पोलिओ झाला. पलंगावरून उठता यावं म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

पुढे काय झालं?

- १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने बंद झाला. ओझोनचा थर आता सावरतोय.
- भारतात शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जेरिया, तिथे थेट २०२१ मध्ये.
- शिसं मात्र अजून आपल्या आजूबाजूला आहे: जुन्या रंगांत, इन्व्हर्टरच्या बॅटरीत. घराच्या भिंतीला किंवा खिडक्यांना रंग देणार असाल तर डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. भारतात मर्यादा ९० पीपीएम आहे. जुना रंग कोरडाच घासू नका, त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. आणि बॅटरी घरी फोडू नका, नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या.