सर्पगंधा आणि डॉ. रुस्तम वकील

ब्लडप्रेशरची गोळी आज तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलवर मिळते. डॉ. रुस्तम जाल वकील डॉक्टर झाले तेव्हा मात्र मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढेच सांगता यायचे. फारच बिघडले तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करत.

वकिलांचा जन्म मुंबईचा, १९११ चा. लंडनला शिकून ते परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगी तपासू लागले. सर्पगंधेची मुळी बिहारकडे वेडावरचे औषध म्हणून पूर्वीपासून चालायची. ती रक्तदाब उतरवते, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. जगाच्या वैद्यकाने दखल घ्यावी अशी मांडणी मात्र वकिलांनी केली. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा ५० रुग्णांवरचा लेख आला. १९५२ मध्ये स्विस शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले.

रेसर्पिनची दुसरी बाजू त्यांच्या हयातीतच दिसू लागली होती. मज्जातंतूंतील नॉरअॅड्रिनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन यांचा साठा ते रिकामा करते. दाब उतरतो तो त्यामुळेच. नाक चोंदणे, सुस्ती, हातपाय थरथरणे हेही त्यामुळेच. नैराश्याच्याही तक्रारी आल्या, जरी तो संबंध वाटला तितका सरळ नाही असे पुढे दिसले. वय झालेल्या माणसाची किडनी, लिव्हर मंदावलेली असतात, उभे राहताना दाब सावरण्याची ताकदही कमी होते. म्हणून मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या, वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांच्या यादीत रेसर्पिन बरीच वर्षे होते.

आता ते आमच्याकडे विष्णुपुरीच्या ओपीडीत कोणी लिहीत नाही. पण झोपेसाठी कुणी सुचवलेली सर्पगंधा वटी कधी बीपीच्या दोन गोळ्यांच्या जोडीला निघते. ती झाडपाल्याची म्हणून आजोबा औषधात मोजतच नाहीत. रात्री लघवीला उठताना दाब एकदम खाली येतो, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. नाहीतर चक्कर थांबायला आणखी एक गोळी सुरू होते! उलटही घडते: गुडघ्याची वेदनाशामक गोळी दाब वाढवते आणि बीपीची गोळी दुप्पट होते. अशा वेळी बीपीची गोळी मनाने बंद करू नये. सोबत चिठ्ठी नको, घरातली सगळी औषधे, वटी-चूर्णासकट, एका पिशवीत घालून आणावीत.