हान्स ख्रिश्चन ग्रॅम

दवाखान्यातील तपासणीच्या कागदावर ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ किंवा ‘ग्रॅम निगेटिव्ह’ असे शब्द तुम्ही कदाचित पाहिले असतील. हा ग्रॅम म्हणजे वजनाचे माप नव्हे. ते एका डॉक्टरांचे आडनाव आहे.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५३ रोजी डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात झाला. त्यांना प्रथम वनस्पतिशास्त्राची आवड होती. पुढे १८७८ मध्ये ते डॉक्टर झाले. नंतर ते जर्मनीत गेले आणि बर्लिनच्या रुग्णालयात डॉ. फ्रीडलेंडर यांच्याबरोबर काम करू लागले.

त्या काळी न्यूमोनियाने पुष्कळ माणसे दगावत. हा रोग कोणत्या जंतूमुळे होतो, यावर डॉक्टरांत वाद चालू होता. मृत रोग्याच्या फुप्फुसाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तरी त्यात जंतू ओळखू येत नसत. रंग दिला, तर सारेच रंगून जाई. १८८४ मध्ये ग्रॅम यांनी एक युक्ती काढली. कापाला आधी जांभळा रंग दिला, मग आयोडीन लावले आणि शेवटी तो अल्कोहोलने धुतला. फुप्फुसाचा रंग निघून गेला. जंतू तेवढे जांभळे राहिले!

पण टायफॉइडचे जंतू धुताच फिके पडत. आपली पद्धत अपुरी आहे, असे ग्रॅम यांनी प्रामाणिकपणे लिहिले. गंमत अशी, की हीच उणीव पुढे सर्वांत उपयोगी ठरली. रंग धरणारे आणि रंग सोडणारे, असे जंतूंचे दोन गट पाडता आले.

असे का होते, हे फार उशिरा कळले. जंतूभोवती एक भिंत असते. साखर व अमिनो आम्ले यांच्या लांब साखळ्या बाजेच्या विणीसारख्या गुंफून ती तयार होते. तिला पेप्टिडोग्लायकॅन म्हणतात. नाव अवघड आहे. काम मात्र साधे, जंतूला फुटू न देणे. भिंत जाड असेल तर रंग आत अडकतो, पातळ असेल तर धुऊन जातो.

ग्रॅम मायदेशी प्राध्यापक झाले आणि १९२३ मध्ये निवृत्त झाले. १४ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पेनिसिलीन रोग्यांना मिळू लागले. हे औषध जंतूला आपली भिंत नीट बांधू देत नाही. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून त्या सुरक्षित राहतात. जंतूवर कोणते औषध चालेल, याचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर आजही आधी त्याचा रंग पाहतात.