गुलाबाचा काटा आणि मेचनिकॉफ

बोटात काटा रुतून राहिला की तिथे सूज येते, पू धरतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. हे का घडते, याचे उत्तर शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली रशियन साम्राज्यात, खारकोव्हजवळच्या एका खेड्यात झाला. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला. १८७० साली ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. परंतु १८७३ साली त्यांची पत्नी क्षयाने वारली. डोळेही अधू झाले होते. निराशेच्या भरात त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून १८८२ साली त्यांनी नोकरी सोडली व ते इटलीतील मेसिना या बंदरगावी गेले. तेथे घराचा दिवाणखाना हीच त्यांची प्रयोगशाळा. तारामाशाच्या पारदर्शक अळीतील फिरत्या पेशी पाहताना त्यांना प्रश्न पडला, या पेशी परक्या वस्तूशी झुंजत असतील काय? त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे अळीच्या अंगात टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा!

पांढऱ्या पेशी रोगजंतू पसरवतात, असे तेव्हा पुष्कळ डॉक्टर मानीत. त्या जंतूंना गिळतात, हे मेचनिकॉफ यांनी दाखवून दिले. त्यासाठी वर्षानुवर्षे विरोध सोसला. १८८८ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१६ साली ते निवर्तले. मुंबईत प्लेगची लस शोधणारे हाफकिन हे त्यांचेच ओडेसातील विद्यार्थी.

आज कृत्रिम सांधा शरीरात बसवला की याच भक्षक पेशी त्याच्याभोवती जमतात. गिळता न आल्यास त्याभोवती तंतूंचे कवच तयार होते. म्हणून अशा वस्तूंचा पृष्ठभाग, छिद्रे व लेप बदलून या पेशींना झुंजीऐवजी जखम भरण्याकडे वळवण्याचे संशोधन चालू आहे. त्याचे मूळ त्या काट्यात आहे.

सुजाण पालकहो, १८७३ च्या निराशेत मेचनिकॉफ गेले असते, तर नऊ वर्षांनंतरचा तो काटा कोणी टोचला असता? परीक्षेत हरलेल्या मुलाला म्हणूनच जवळ घ्या. आणि मुलांनो, शाळेच्या कपाटातला सूक्ष्मदर्शक धूळ खात ठेवू नका.