फादर थॉमस स्टीफन्स : नवागतांचें मागणें ऐकणारे धर्मगुरू

धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं ज्या थोर पुरुषांचें स्मरण करावें, त्यांत ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांना आम्ही अग्रस्थान देतों. त्यांच्या काव्याचें नांव आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु तें कोणाच्या मागणीवरून आणि कोणत्या उणीवेंतून जन्मास आलें, हें फारसें सांगितलें जात नाहीं. तेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

फादरांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या गांवीं झाला. एलिझाबेथ राणीच्या त्या राज्यांत कॅथोलिकांना उघडपणें मिस्सा ऐकण्याची मोकळीक नव्हती. फादरांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांना धर्मासाठीं दीर्घ तुरुंगवास घडला. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोंचले. मायभूमींत ज्यांच्या उपासनेला दार बंद झालें, त्यांच्या हातीं साष्टींतील देवमंदिरांचीं दारें आलीं. ही साष्टी गोव्यांतील, मुंबईजवळची नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

तेथील स्थिति मोठी कठीण होती, आणि ती झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील हिंदु देवळें पाडलीं होतीं. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीय व त्यांचे सोबती मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळवून त्यांना मूठमाती देण्याचें दुःखद कर्तव्य फादर स्टीफन्स यांच्यावरच आलें. पुढें सत्ताधाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांना ठार केलें. अशा भूमींत नवख्रिस्ती लोक रविवारीं देवमंदिरांत येत, डोत्रिना शिकत आणि घरीं परत जात. घरीं काय होतें? जीं पुराणें त्यांचे वाडवडील रात्रीं ऐकत, तीं आतां निषिद्ध झालीं होतीं. त्यांच्या जागीं दुसरें कांहींच आलें नव्हतें.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं एक प्रसंग वर्णिला आहे. धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मणानें नम्रपणें विनविलें कीं, शिकवण तर उत्तम आहे, परंतु पूर्वींचीं पुराणें बंद झालीं असल्यानें मन रमविण्यास आम्हांजवळ कांहीं उरलें नाहीं. तरी ख्रिस्ती धर्माचें असें एखादें पुराण आम्हांस मिळावें. या मागण्यांत गाऱ्हाणें होतें. दुसऱ्या एखाद्यानें त्यास हट्ट म्हटलें असतें. फादरांनीं त्यांतील भूक ओळखली.

त्यांनीं कोंकणीचा अभ्यास तर केलाच. तिचें त्यांनीं रचिलेलें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. परंतु पुराणासाठीं त्यांनीं मराठी योजिली, कारण त्या लोकांच्या कानांवर पुराण मराठींतूनच पडत आलें होतें. ती सुबोध व्हावी म्हणून तींत त्यांनीं कोंकणी शब्दहि मिसळले. सुमारें ११,००० ओव्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनीं सांगितली. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास ते कचरले नाहींत. ग्रंथ १६१६ मध्यें प्रसिद्ध झाला आणि देवमंदिरांतून वाचला जाऊं लागला. देवनागरी टंकांसाठीं त्यांनीं आपल्या वरिष्ठांकडे १६०८ मध्यें मागणी केली होती. ती फळास आली नाहीं, व पुराण रोमन लिपींतच छापावें लागलें. कांहीं अल्प काळ वसई प्रांतांत घालविला, तो सोडल्यास त्यांचें सारें आयुष्य साष्टींत गेलें, आणि १६१९ मध्यें ते प्रभुचरणीं विलीन झाले.

पुढें १६४९ व १६५४ सालीं ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें फर्मान काढून लोकांनीं आपली भाषा टाकावी असें ठरविलें. म्हणजे फादरांनीं उघडलेलें दारच लोटून घेतलें. तरीहि श्रद्धाळू जनांनीं हस्तलिखितें जपलीं. त्यांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुनः छापला गेला आणि १९५६ मध्यें देवनागरींत अवतरला. छापील जुन्या प्रतींपैकीं एकहि उपलब्ध नसतां, ज्यांच्यासाठीं तो रचिला होता त्यांच्याच वंशजांनीं तो राखिला, यांत आम्हांस मोठें मर्म दिसतें.

आपल्या धर्मग्रामांतहि आज दूरदूरचीं कुटुंबें बिऱ्हाडास येतात. त्यांना आपण बांक दाखवितों, प्रार्थनेचें पुस्तक देतों आणि स्वागत झालें असें समजतों. आम्हीहि अनेक वर्षें असेंच समजत आलों, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं. फादर स्टीफन्स यांचें चरित्र वाचतांना आमच्या ध्यानीं आलें कीं, नवागत मागील घरीं काय सोडून आला आहे, हें त्याला विचारल्यावांचून स्वागत पुरें होत नाहीं. महोत्सवाचीं तोरणें चार दिवसांत सुकतील. त्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें मिस्सेनंतर एका तरी नव्या शेजाऱ्याजवळ थांबून त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.