एकाच फिल्मवर दोनदा पडलेला उजेड

धुंडिराज गोविंद फाळके यांना चाळिशी ओलांडताच काही काळ डोळ्यांनी दिसेनासे झाले होते. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यापासून त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. रोज थिएटर, घरी आल्यावर पुस्तके आणि प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली. नुसते चित्रपट पाहून कोणी आंधळे होत नाही, हे डॉक्टर म्हणून सांगायलाच हवे. पण टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळा कोरडा पडतो. त्यात जागरणे असतील तर त्रास वाढतो.

फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७० साली. जे. जे. स्कूल, मग बडोद्याचे कलाभवन. तिथे छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया शिकले. गोध्र्यात फोटोग्राफी करत असताना प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला स्वतःचा छापखाना. भागीदारांशी पटले नाही, तोही सुटला.

डोळे बरे होताच विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. पैसे लावायला मात्र कोणी तयार नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म फिरवत त्याचे चित्रण केले. पडद्यावर पाहता पाहता अंकुराचा वेल झाला. सावकाराला पटवायला याहून चांगला पुरावा कुठला!

आता मुख्य गोष्ट. वडपे फाट्यावरून मावळतीकडे पाहा. आकाशातले रंगही दिसतात आणि गोदामांच्या सावलीत उभा ट्रकही. बाहुली लहानमोठी होते, पडदा जुळवून घेतो आणि नजर इकडून तिकडे फिरली तरी मेंदू सारे एकत्र बांधतो. फिल्मला हे जमत नाही. आकाश साधले तर जमीन काळी, जमीन साधली तर आकाश पांढरे. म्हणून जुने फोटोग्राफर ढगांची वेगळी काच काढून निसर्गचित्राला जोडत. आजचा मोबाइल क्षणार्धात कमी-जास्त उजेडाच्या अनेक प्रती घेऊन तेच करतो. त्यातला अतिभडकपणा मला तरी सोसत नाही, पण ते असो.

फाळक्यांकडे सूर्यप्रकाश होता आणि पत्नी सरस्वतीबाई. भर उन्हात पांढरी चादर धरून त्या नटांच्या चेहऱ्यांवरच्या सावल्या उजळत. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे हेही त्यांच्याकडे. आधी दागिनेही त्यांनीच दिले होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

चमत्कार दाखवण्याची रीत अशी: काळ्या पार्श्वभूमीवर एक दृश्य घ्यायचे. काळ्या भागातून उजेड येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग तीच फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या जागी दुसरे दृश्य टिपायचे. मोजणी चुकली तर दोन्ही दृश्ये वाया, आणि ते कळणार फिल्म धुतल्यावरच. 'श्रीकृष्ण जन्म' मध्ये कंसाचे मस्तक धडापासून सुटून वर जाते, ते अशाच युक्तीच्या चित्रणातून. १९१९च्या 'कालिया मर्दन' मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आधी मुलगी म्हणून दिसते आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो.

बोलपट आल्यावर त्यांचे दिवस फिरले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या कित्येक फिल्म नष्ट झाल्या. 'कालिया मर्दन' चा मोठा भाग मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे.