ताऱ्यांबरोबर चालणारे घड्याळ

रात्री झाडाच्या शेंड्यावर दिसणारा एखादा तारा लक्षात ठेवा. अर्ध्या तासाने पाहा, तो पश्चिमेकडे सरकलेला दिसेल. खरे तर तारा सरकत नाही, आपली पृथ्वी फिरते. एका तासात ती सुमारे १५ अंश फिरते. अंधुक ताऱ्याचे छायाचित्र घ्यायचे तर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात तारा सरकतो आणि ठिपक्याऐवजी रेघ उमटते. या अडचणीशी आयुष्यभर झगडलेल्या हेन्री ड्रेपर यांची ओळख आज करून घेऊ.

हेन्री यांचा जन्म ७ मार्च १८३७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांचे वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८४० साली त्यांनी चंद्राचे छायाचित्र काढले होते. हेन्री डॉक्टर झाले. पण त्यांचे मन आकाशात रमले. १८५७ मध्ये आयर्लंडमध्ये त्यांनी लॉर्ड रॉस यांची प्रचंड दुर्बीण पाहिली आणि आपणही दुर्बीण बनवायची असे ठरवले.

न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्ज या गावी वडिलांच्या जागेत त्यांनी वेधशाळा उभारली. दुर्बिणीसाठी धातूचा आरसा घासून तयार केला. पण एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री पेटीत शिरलेले पाणी गोठले आणि आरसा दुभंगला. सारी मेहनत वाया गेली! तरी हेन्री खचले नाहीत. त्यांनी काच घासून, तिच्यावर चांदीचा थर देऊन नवा आरसा बनवला.

आता प्रश्न होता तो सरकणाऱ्या आकाशाचा. त्यांनी एक युक्ती केली. पाणी किंवा वाळू बारीक धारेने वाहू लागली, की कॅमेऱ्यातील काच चंद्राच्या प्रतिमेबरोबर हळूहळू सरके. पुढे त्यांनी संपूर्ण दुर्बीणच फिरवणारे घड्याळ बनवले. दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला, की घड्याळाने ती पृथ्वीच्या उलट दिशेने, तेवढ्याच वेगाने फिरते. मग तारा जागेवरच राहतो. मात्र घड्याळ जरा अडखळले, तरी चित्र बिघडते. म्हणून त्यांनी एक घड्याळ मोडून दुसरे, दुसरे मोडून तिसरे, असे प्रयोग चालू ठेवले. १८६७ मध्ये त्यांचा विवाह ॲना पामर यांच्याशी झाला. ॲनाही वेधशाळेत त्यांच्या बरोबरीने काम करत.

१८७२ मध्ये त्यांनी अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचे छायाचित्र घेतले. मग ३० सप्टेंबर १८८० ची रात्र आली. मृग नक्षत्रातील तेजोमेघाकडे दुर्बीण ५१ मिनिटे रोखलेली होती. तेजोमेघाचे जगातील पहिले छायाचित्र मिळाले! मार्च १८८२ मध्ये तर दुर्बीण १३७ मिनिटे ताऱ्यांमागे चालत राहिली. पूर्वीपेक्षा कितीतरी अंधुक तारे काचेवर उमटले.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, हेन्री वारले. ॲना यांनी दुःख बाजूला ठेवून हार्वर्ड वेधशाळेला मोठे धन दिले. त्यातून १९१८ ते १९२४ या काळात दोन लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची प्रसिद्ध झाली. तिला हेन्री ड्रेपर यांचे नाव आहे.

आज हौशी मंडळी छोटी विजेची मोटर लावून घरीच असे साधन बनवतात. मित्रांनो, तुमचा एखादा प्रयोग फसला, तर तो दुभंगलेला आरसा आठवा आणि पुन्हा कामाला लागा.