अंधारातला गणिती

समघाती फलनांवरचा ऑयलरचा सिद्धांत मी कॉलेजात नुसता घोकला. कळला तो पुढे, आमच्या सोलापुरी चादरीवर. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट केल्या की क्षेत्रफळ चौपट, म्हणजे घात दोन. नुसती लांबी वाढवली तर क्षेत्रफळ रुंदीच्या दराने वाढते, नुसती रुंदी वाढवली तर लांबीच्या दराने. हेच आंशिक अवकलज. लांबीच्या दराला लांबीने, रुंदीच्या दराला रुंदीने गुणून बेरीज करा. घाताइतकी पट, म्हणजे क्षेत्रफळाची दुप्पट येते!

लिओनार्ड ऑयलर १७०७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला पाद्र्याच्या घरी जन्मला. विशीत सेंट पीटर्सबर्गला गेला. तिशीत उजवा डोळा अधू झाला. तेरा मुलांपैकी पाचच जगली. १७६६ साली डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. १७७१ साली घर जळाले. त्याच वर्षीच्या शस्त्रक्रियेने आलेली दृष्टीही टिकली नाही. तरी तो तोंडी सांगे, मुलगा आणि सहकारी लिहून घेत. त्याचे जवळजवळ निम्मे लेखन या अंधारातले. १७८३ च्या सप्टेंबरात, नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेचा विचार करीत असतानाच त्या दिवशी तो गेला.

परवा माझीही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. धाकधूक आहेच. पण हा लेख मी सांगतोय, नात लिहून घेतेय.